वकील कोणाचा?

कौल हा शब्द मराठीत तीन कामे करतो. छपरावर घालतात ते कौल. देवाला लावतात तो कौल. आणि जुन्या दफ्तरांत सरकाराने रयतेस लेखी अभय देऊन जमीन कसावयास बोलाविले, म्हणजे तोही कौलच. गुंजीसारख्या गावात, जेथे चार महिने पाऊस छपराची परीक्षा पाहत असतो, तेथे पहिल्या कौलाचे माहात्म्य कोणास सांगावे लागत नाही. दुसऱ्याचेही नाही. खानापूर तालुक्यातला माणूस काय किंवा खाली गोव्यातला काय, मोठे कार्य अंगावर घेण्यापूर्वी देवापुढे उभा राहून त्याची अनुज्ञा घेतल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. तिसऱ्या, लेखी कौलाचा मात्र आपणांस विसर पडला आहे, आणि माझा व्यवसाय त्या विसरावर चालतो असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही.

माझा एक मावसभाऊ वास्कोला नोकरी करतो. मावशी थकली, तिला मुळचा मुलूख खुणावू लागला. तेव्हा गुंजीत एक जुने कौलारू घर विकाऊ आहे असे समजताच तो धावत आला. घर टुमदार, मागे परसू, त्यात दोन फणस आणि बारमाही पाण्याची विहीर. लोंढ्याहून गाडीने पाहिजे तेव्हा येता येईल, आणि सकाळी उठून माउलीचे दर्शन घडेल, एवढ्यावर मावशीचा होकार आला. माउलीला कौल लावला, तो उजवा झाला. बँकेने कर्ज द्यावयाचे मान्य केले. बँकेच्या वकिलाने कागद पाहून 'निर्वेध' असा शेराही दिला. मग तो माझ्याकडे आला, आणि तेही सल्ल्यासाठी नव्हे, तर खरेदीपत्राचा मुहूर्त सांगावयास.

मी विचारले, "तुझा वकील कोण?"

"म्हणजे काय, दादा? बँकेचे वकील आहेत ना. त्यांची फी माझ्या खात्यातूनच कापून घेतली."

"ते बँकेचे. तुझा कोण?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग घरी आईशी बोलतो त्या भाषेत, अर्धवट स्वतःशीच म्हणाला, "वकिलाची फी म्हजी, आनी वकील बँकेचो?"

हा प्रश्न मला यापूर्वी एकदा विचारण्यात आला होता, आणि त्या वेळी तो इतक्या सौम्यपणे विचारला गेला नव्हता. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सनद घेऊन मला सातआठ वर्षे झाली होती. एका बँकेच्या वकिलांच्या यादीत माझे नाव लागले होते, आणि तरुण वकिलास त्याचे जे अप्रूप असते ते मलाही होते. 2012 साली बेळगावच्या एका उपनगरातील घराचे कागद माझ्याकडे आले. घेणारे प्राथमिक शाळेतील शिक्षक. विकणारे दोघे भाऊ. वडील 2003 साली वारलेले. भावांनी 2008 मध्ये वाटणी करून घेतलेली. वाटणीपत्रावर दोन बहिणींच्या सह्या नव्हत्या. मी ते पाहिले, हे येथे स्पष्ट नमूद करतो. परंतु बहिणींचा काही हक्क उरलेला नाही असे भावांचे प्रतिज्ञापत्र जोडले होते, बँकेच्या छापील नमुन्यात तेवढे चालत होते, आणि आठवड्याला पाच-सहा प्रकरणे हातावेगळी करावयाची होती. मी लिहिले: मालकी हक्क निर्दोष व तारणयोग्य.

चार वर्षांनी बहिणींनी दावा लावला. बहिणींचा वाटा कोणत्या मापाने मोजावा, हा त्या वेळी खरोखरच वादाचा विषय होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मतः सहदायाद झाली. पण पिता त्या तारखेस हयात असला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'प्रकाश विरुद्ध फुलावती' या खटल्यात ठरविले. हा खटला मूळचा बेळगावच्याच न्यायालयात 1992 साली उभा राहिलेला. पुढे 11 ऑगस्ट 2020 रोजी 'विनीता शर्मा' खटल्यात ते मत रद्द झाले आणि पिता हयात असण्याची अट गेली. पण हा सगळा पांडित्याचा भाग झाला. वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलींना वारसा मिळतो हे 1956 च्या मूळ कायद्यापासून चालत आलेले होते, आणि तेवढे जाणण्यास सर्वोच्च न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नव्हती. माझा शेरा चुकलाच होता.

शिक्षकांनी तडजोड केली. पत्नीच्या अंगावरचे सोने मोडून बहिणींना पैसे दिले. म्हणजे त्याच घराचा काही भाग त्यांनी दुसऱ्यांदा विकत घेतला. हप्ते चालूच होते. बँकेचे काही बिघडले नाही. तिच्याजवळ गुरुजींचा पगार होता, जामीनदार होता. दाव्याच्या कामात माझा अहवाल प्रथमच गुरुजींच्या हाती पडला, तोपर्यंत त्यांनी तो पाहिलासुद्धा नव्हता. आणि तो घेऊन ते माझ्याकडे आले. शेवटच्या पानावरील एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "साहेब, हे काय लिहिले आहे?" ती ओळ अशी होती की, सदर अहवाल केवळ बँकेच्या उपयोगासाठी आहे. मी म्हणालो, "गुरुजी, मी बँकेचा वकील होतो." ते म्हणाले, "आणि आम्ही तुम्हांला आमचे समजत होतो." ते आवाज न चढविता बोलले. मला तो चढविलेला अधिक सोसला असता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हैदराबादेतील गृहकर्जांच्या एका प्रकरणात बँकेच्या यादीवरील वकिलावर कटाचा आरोप ठेवला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तो काढून टाकण्याचा निर्णय कायम ठेवताना म्हटले की, वकिलाचे मत चुकले एवढ्यावरून त्यास गुन्हेगार म्हणता येणार नाही. फार तर हयगयीचा किंवा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रश्न उद्भवेल. 14 मे 2024 रोजी त्याच न्यायालयाने असेही ठरविले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. वकील म्हणून मला हे दोन्ही निर्णय दिलासा देतात. घर घेणाऱ्याच्या जागी बसून वाचले की तोच दिलासा थोडा बोचतो. ज्याच्यापाशी नंतर दाद मागण्याचा मार्ग अरुंद आहे, त्याची निवड आधी डोळसपणे करावी लागते.

शिवाय बँकेचा आणि घर घेणाऱ्याचा स्वार्थ एकच आहे असे आपण धरून चालतो, ते निम्मेच खरे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. उरलेली पदरची. घराच्या हक्काला कोठे भगदाड पडले, तर पहिली बुडते ती ही पदरची रक्कम. बँकेपर्यंत पाणी पोहोचावयास वेळ लागतो. म्हणून बँकेचा वकील विचारतो, 'कर्जापुरते तारण आहे काय?' आणि घरमालकाच्या वकिलाने विचारावयाचे असते, 'या घरात हा माणूस मरेपर्यंत सुखाने झोपेल काय?' दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, पण ते एक नव्हेत.

विलायतेत राहणाऱ्या आपल्या मुलांना हे ऐकून नवल वाटते. माझ्या एका स्नेह्याच्या मुलाने तिकडे घर घेतले. तेथे घर घेणारा आपला सॉलिसिटर आपण निवडतो. तो बँकेच्या यादीत असला तर बँक बहुधा त्यालाच आपलेही काम सांगते, आणि दोघांविषयी त्याचे उत्तरदायित्व राहते. दोघांचे हित एकमेकांविरुद्ध गेले तर त्यास बाजूला व्हावे लागते. त्याहून मोठा भेद असा की तेथे सरकारी नोंदवहीच मालकीची हमी देते. आपल्याकडे 1908 च्या कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची. दस्तातील माणूस खरोखर मालक आहे की नाही, हे सब-रजिस्ट्रार सांगत नाही. ते शोधण्याचा भार सर्वस्वी घेणाऱ्यावर, म्हणजेच त्याच्या वकिलावर. आणि सॉलिसिटर नावाचा स्वतंत्र वर्ग आपल्या भागात कधी नव्हताच. तो मुंबई-कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांभोवती वाढला. 1976 च्या दुरुस्तीने त्याचा कायद्यातील वेगळेपणा संपला, मुंबईत ती जुनी नावे व ती परीक्षा तेवढी राहिली. खानापूर-बेळगावात खुनाच्या खटल्यात उलटतपासणी घेणारा आणि खरेदीपत्राचा मसुदा करणारा, दोघेही एकाच काळ्या कोटात. त्यातून निवड करावयाची असते.

ती कशी करावी? वकिलाला जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. तेव्हा चौकशी कर्णोपकर्णीच चालते. येथे लोक एक हमखास चूक करतात. ज्याचे कोर्टात नाव गाजते त्याच्याकडे ते घराचे कागद नेतात. गाजलेला वकील ते कागद आपल्या कनिष्ठाकडे देतो, आणि कनिष्ठ तेच करतो जे मी 2012 मध्ये केले. दुसरे टोक म्हणजे कचेरीबाहेरचा दस्तलेखक. त्याचे अक्षर सुंदर, मायने तोंडपाठ, आणि फी माफक; परंतु सांगितले ते लिहिणे हे त्याचे काम, काय सांगू नये हे कळविणे त्याचे नव्हे. मला विचाराल तर, ज्याच्या टेबलावर जुने कागद उलगडून ठेवलेले दिसतात, आणि जो पहिल्या भेटीत 'काही काळजी करू नका' असे म्हणत नाही, त्याच्याकडे जावे. त्याला निःसंकोच विचारावे: विकणाऱ्याचे किंवा मध्यस्थाचे काम आपण कधी केले आहे काय? या बँकेच्या यादीत आपण आहात काय? पक्षकाराशी असलेला संबंध उघड करणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे. हा प्रश्न ऐकून जो दुखावला जाईल, तो आपल्या कामाचा नव्हे. मूळ कागद पाहणार की छायाप्रती? जागेवर येणार काय? आणि आपले मत माझ्या नावाने, लेखी देणार काय? फी आधी ठरवावी. घराच्या किमतीशी तुलना करता ती क्षुल्लक असते. तरी जो गृहस्थ फरशीच्या रंगासाठी चार दुकाने हिंडतो, तो येथे घासाघीस करतो.

आणि हे सर्व विसार देण्यापूर्वी. संचकारपत्रावर सही झाली की निम्मी बाजी आपल्या हातून गेली. माझ्या मावसभावाने विसार आधीच दिला होता, हे ओघानेच आले.

सीमाभागात या निवडीला आणखी एक अट जडते, ती भाषेची. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने उतारे, जुनी खरेदीखते मराठीत. काही तर मोडीत. नंतरचे कागद कन्नडात. घराण्याचा इतिहास एका लिपीत सुरू होतो आणि दुसऱ्या लिपीत चालू राहतो. ओलांडताना नावे बदलतात, आडनावे गळतात, एकरांचे गुंठे आणि गुंठ्यांचे आणे करताना एखादा आकडा घसरतो. भाषेचा वाद कोणत्या चौकात सुटेल तो सुटो. महाराष्ट्राने 2004 साली लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण घर घेणाऱ्यास दोन्ही भाषा वाचणारा वकील हवा, एका भाषेचा अभिमान बाळगणारा नव्हे. बँका बहुधा तेरा किंवा तीस वर्षांचा शोध मागतात. गहाण सोडविण्याची मुदत 1963 च्या मुदतीच्या कायद्याने तीस वर्षांची केली, त्याच्याशी हा हिशेब जुळतो. तीस वर्षे मागे गेलो तरी आपण कन्नड कागदांतच फिरत राहतो. गोष्टीचा आरंभ मात्र त्याच्या पलीकडे, मराठीत पडलेला असतो.

मी मावसभावाचे काम घेतले नाही. त्याला कर्ज देणारी बँक तीच होती, तिच्या यादीत मी होतो, आणि मी त्याचा आप्त. बँकेने ते प्रकरण माझ्याकडे पाठविले तेव्हाच मी नातेसंबंध कळवून परत केले होते. मावशीला हे मुळीच पटले नाही. "घरचा वकील असताना परक्याला पैसे कशाला?" असे ती म्हणाली, आणि काही दिवस माझ्याशी बेताचेच बोलली. मी त्याला खानापूरच्या एका वयोवृद्ध वकिलांकडे पाठविले. ते आता कोर्टात क्वचित उभे राहतात. पण मोडी वाचतात, कन्नड वाचतात, आणि विकणाऱ्याच्या घरचा चहा घेत नाहीत.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. विकणाऱ्याच्या तीन बहिणींच्या सह्या, ही पहिली. विकणारा गृहस्थ सज्जन. तो म्हणाला, बहिणी आनंदाने येतील. आनंदाने येणाऱ्यांनी तर अवश्य यावे, असे वकीलसाहेबांचे उत्तर. दुसरी मागणी मोजणीची. घर गावठाणात, ग्रामपंचायतीचे फॉर्म नऊ आणि अकरा बिनचूक, बोजाचा दाखला कोरा. बँकेच्या वकिलाने हे सर्व पाहिले होते, त्यात त्याची काही चूक नव्हती. परंतु खरेदीपत्राच्या मसुद्यात चतुःसीमा लिहिताना घरामागचे परसू आत घेतले होते, आणि जुन्या मराठी उताऱ्यात त्या बाजूच्या पोटहिश्शापुढे दोन शब्द होते: देवस्थान इनाम.

मोजणी झाली. भिंतीपर्यंतचे घर विकणाऱ्याचे. भिंतीपलीकडे दोन्ही फणस आणि विहीर एका देवस्थानाच्या जमिनीत. विकणाऱ्याच्या आजोबांकडे कधीकाळी त्या देवळाची काही सेवा होती. सेवा थांबली, वहिवाट राहिली, आणि दोन पिढ्यांनी ती मालकी वाटू लागली. यात लबाडी कोणाचीच नव्हती. कागद उघडून पाहण्याचे कारण कोणाला पडले नव्हते, इतकेच.

आपल्या वाचकांत देवळांचे पंच आणि मानकरी पुष्कळ आहेत, म्हणून थोडे विषयांतर करतो. कायदा देवाला व्यक्ती मानतो; त्याच्या नावे जमीन राहते, तो दावा लावू शकतो. पण तो अज्ञान बालकासारखा. स्वतः कचेरीत येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी जावे लागते. गृहस्थाला निदान बँकेचा वकील तरी असतो, देवाला तोही नसतो. पालखीचा साज दरवर्षी उजळला जातो. जमिनीचा उतारा किती देवळांत दरवर्षी काढून पाहिला जातो?

मावसभाऊ हिरमुसला. विहिरीसाठी तर मावशीने ते घर पसंत केले होते. व्यवहार मोडावा काय, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, ते तुझ्या वकिलाला विचार. वकीलसाहेबांनी मोडू दिला नाही. परसू वगळून नव्याने चतुःसीमा लिहिली, किंमत उतरवून घेतली, आणि ती सर्व हकीकत चार पानी मतपत्रात, मावसभावाच्या नावाने, सही करून दिली. बँकेला नवा मसुदा पाठविला. तिने कर्जाची रक्कम त्या प्रमाणात कमी केली. मूळ कागद तारण म्हणून बँकेकडे गेले, त्याची यादी करून पोच घ्यावयासही त्यांनीच लावले. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत न दिल्यास बँकेने दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पण कोणते कागद दिले होते हेच ज्याला ठाऊक नाही, तो काय परत मागणार!

खानापूरच्या कचेरीत खरेदीपत्र झाले त्या दिवशी तिन्ही बहिणी आल्या होत्या. सर्वांत धाकटी गोव्यातून पहाटेच निघालेली. मसुदा त्यांना कन्नडातून मराठीत वाचून दाखविला, आणि थोरलीने एका ठिकाणी थांबवून विचारले, "विहीर आमची नव्हतीच काय?" भाऊ खाली पाहू लागला. वकीलसाहेब म्हणाले, "नव्हती, बाई. पाणी मात्र तुम्ही सर्वांनी प्यायलात." मग ती हसली, आणि तिने सही केली.

त्याच आठवड्यात मी बँकेस पत्र लिहून विनंती केली की, माझ्या प्रत्येक अहवालाची प्रत कर्जदारास देण्यात यावी. उत्तर अजून यावयाचे आहे. गुरुजींना मी ही हकीकत सांगावी असे अनेकदा मनात आले; त्यांच्या घरावरून जातो तेव्हा पाय अडखळतात, आणि पुढे जातात.

मावशी आता गुंजीत राहते. मागच्या दाराने विहिरीवर जाण्यापूर्वी तिने देवस्थानाच्या पंचांकडून रीतसर परवानगी मागून घेतली आहे. ती तोंडी नको, कागदावर द्या, असे तिने आपणहून सांगितले.